आर्जिलाइट : हैडा शिल्पकलेतील काळ्या दगडाचे भूशास्त्र आणि सामाजिक इतिहास

सारांश

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हैडा ग्वाय द्वीपसमूहात एका डोंगरावर आर्जिलाइट नावाचा मऊ, काळा व सूक्ष्मकणी दगड सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून हैडा समाजातील कारागिरांनी या दगडात कोरीव शिल्पे घडविली व ती परकीय ग्राहकांना विकली. विक्रीसाठी निर्माण झाल्यामुळे या शिल्पांना दीर्घकाळ 'पर्यटकांच्या वस्तू' असे दुय्यम स्थान देण्यात आले. प्रस्तुत लेखात या दगडाची भूशास्त्रीय घडण, त्यामुळे शक्य झालेली कोरीवकामाची पद्धती आणि या कलेचा सामाजिक इतिहास यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. साथीचे रोग, धर्मप्रसार आणि कायदेशीर बंदी यांच्या काळात बाजारासाठी केलेली हीच कला हैडा कथा व आकारभाषा यांचे आश्रयस्थान ठरली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आर्जिलाइट, मृण्मय खडक, हैडा, कोरीवकाम, पर्यटन-कला, सामुदायिक हक्क.

१. प्रस्तावना

खडकांचे वर्गीकरण शिकविताना चिखल, पंकाश्म, शेल, आर्जिलाइट, स्लेट अशी एक साखळी आपण फळ्यावर लिहितो. यातील शेल आणि स्लेट यांची माहिती विद्यार्थ्यांना थोडीफार असते. ज्या पिढीने पाटीवर बाराखडी गिरविली तिला स्लेटची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. आर्जिलाइट हे नाव मात्र बहुधा परीक्षेपुरते पाठ केले जाते आणि विसरले जाते. या नावामागे एक संपूर्ण समाज, त्याचा विध्वंस आणि त्याचे पुनरुत्थान उभे आहे, हे पाठ्यपुस्तकातील त्या एका ओळीवरून कळत नाही.

भूगोल, भूशास्त्र, मानवशास्त्र आणि कलेतिहास हे विषय आपल्या महाविद्यालयांत स्वतंत्र खोल्यांत शिकविले जातात. एखादा पदार्थ घेऊन त्याच्याकडे या सर्व बाजूंनी पाहिल्यास काय हाती लागते, हे दाखविण्यासाठी हैडा आर्जिलाइटसारखे उदाहरण क्वचितच सापडेल. सदर लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : आर्जिलाइटचे भूशास्त्रीय स्वरूप समजावून देणे, या स्वरूपाचा कोरीवकामाशी असलेला संबंध स्पष्ट करणे, आणि विक्रीसाठी केलेली कला अस्सल मानावी की नाही, या प्रश्नाचा हैडा इतिहासाच्या आधारे विचार करणे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून ती प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे.

२. आर्जिलाइट : व्याख्या व घडण

'आर्जिलाइट' हा शब्द चिकणमाती या अर्थाच्या 'आर्जिला' या लॅटिन शब्दावरून आला आहे. अतिसूक्ष्म मृत्तिका-कण संथ पाण्याच्या तळाशी थरावर थर साचतात. वरच्या थरांच्या भाराने त्यांतील पाणी निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि पंकाश्म अथवा शेल हा गाळाचा खडक तयार होतो. शेल पातळ थरांत सहज सुटतो. हाच खडक आणखी घट्ट झाला आणि थरांत सुटण्याचा त्याचा गुण नाहीसा झाला, की त्याला आर्जिलाइट म्हणतात. दाब व उष्णता याहूनही वाढल्यास अभ्रकवर्गीय खनिजांची पुनर्रचना होते. ती एका दिशेने समांतर मांडली जातात, खडकाला पाटन प्राप्त होते आणि स्लेट तयार होते. पाटीचा दगड सपाट पत्र्यांत फुटतो तो या पाटनामुळे. आर्जिलाइट ही या दोहोंमधील अवस्था होय. तो शेलसारखा भुसभुशीत नाही आणि स्लेटसारखा ठरावीक प्रतलातच फुटणाराही नाही.

आर्जिलाइटचा रंग त्यातील गौण घटकांवर अवलंबून असतो. लोहाची ऑक्साइडे असल्यास तो तांबडा, क्लोराइट असल्यास हिरवट आणि कार्बनी द्रव्य असल्यास काळा दिसतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील पाइपस्टोन येथील तांबडा दगड हेही आर्जिलाइटचेच उदाहरण असून तेथील मूलनिवासी समाज त्यापासून धूम्रपानाच्या चिलमी घडवीत आले आहेत. तो दगड चित्रकार जॉर्ज कॅटलिन याच्या नावावरून कॅटलिनाइट म्हणून ओळखला जातो.

हैडा ग्वाय येथील दगड काळा आहे. त्यात केओलिनाइट हे मृत्तिका-खनिज मोठ्या प्रमाणात असून अतिसूक्ष्म कार्बनी द्रव्य सर्वत्र पसरलेले आहे. काटेकोर भूशास्त्रीय परिभाषेत त्याला कार्बनयुक्त शेल म्हणावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. जुन्या युरोपीय प्रवाशांनी त्याला सरसकट 'काळी स्लेट' म्हटले. ही चूक नकाशावरही कायम झाली आहे. दगड जेथे सापडतो त्या डोंगराचे व ओढ्याचे इंग्रजी नाव 'स्लेटचक' असे आहे. या किनाऱ्यावर व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या चिनूक या मिश्रभाषेत 'चक' म्हणजे पाणी. अर्थात 'स्लेटचे पाणी' असे ते नाव. दगड स्लेट नाही, नाव मात्र स्लेटचे राहिले.

३. दगडाचे गुणधर्म आणि कारागिराचा हात

या दगडाच्या घडणीतील तीन गोष्टी कारागिराच्या दृष्टीने निर्णायक ठरतात.

पहिली म्हणजे त्याची कठिनता. मोहस मापप्रमाणावर ती सुमारे अडीच, म्हणजे साधारणतः आपल्या नखाइतकी असते. त्यामुळे या दगडासाठी पाथरवटाचा हातोडा व पोलादी छिन्नी लागत नाही. करवत, पटाशी, गोलची आणि वाकडी सुरी ही लाकूडकामाचीच हत्यारे पुरतात. हैडा समाज शतकानुशतके देवदार लाकडावर काम करीत आला होता. पन्नास-साठ फूट उंचीचे स्तंभ, समुद्रात जाणाऱ्या मोठ्या होड्या, वाफेने वाकवून केलेल्या पेट्या ही त्याची निर्मिती. लाकडावर तयार झालेला हात दगडावर सहज चालू शकला, तो या मऊपणामुळे.

दुसरी गोष्ट कणांच्या सूक्ष्मतेची. ज्या दगडात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण मोठ्या संख्येने असतात तेथे हत्याराची धार बोथट होते आणि कडा तुटतात. मृत्तिका-कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असल्याने या दगडात केसासारखी रेषा काढता येते आणि घासल्यावर त्याला गडद, मंद चकाकी येते. कोरून झाल्यावर पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला जातो. काही शिल्पांत डोळे, दात किंवा पंख यांच्या जागी अबालोनी शिंपल्याचे चमकदार तुकडे अथवा हाड जडविलेले आढळते.

तिसरी गोष्ट त्याच्या दौर्बल्याची आहे. हा दगड झपाट्याने वाळला तर तडकतो आणि थरांच्या दिशेने सुटू शकतो. म्हणून कारागीर तुकडे ओलसर ठेवतात, तड्यांची चाचपणी करूनच काम हाती घेतात आणि कोरताना थराची दिशा सांभाळतात. खाणीतून काढल्यावर हा दगड हवेने कठीण होत जातो, असा एक समज लोकांत व जुन्या लेखनात रूढ आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे साठवून ठेवलेल्या तुकड्यांवरही कारागीर काम करतात. वाळल्यामुळे होणारा बदल हा मुख्यतः तडकण्याच्या धोक्याचा आहे.

दगड मिळविणे हेच मुळात कष्टाचे काम आहे. खाण ग्रॅहम बेटावर, स्किडगेट गावाजवळच्या डोंगरात आहे. पावसाळी अरण्यातील चढाची वाट तुडवून कारागीर तेथे जातो, पहारीने दगडाचे तुकडे सुटे करतो आणि पाठीवर वाहून खाली आणतो. एका खेपेला माणसाची पाठ पेलेल तेवढाच दगड मिळतो. या कलेतील बहुतेक शिल्पे हातभर लांबीच्या आतली का आहेत, याचे एक उत्तर या वाटेवर सापडते.

४. चिलमीपासून स्तंभापर्यंत : कालखंडांचा विचार

हैडा ग्वाय हा दीडशेहून अधिक बेटांचा समूह मुख्य भूमीपासून हेकाटे सामुद्रधुनीने विभागलेला आहे. १७७४ साली स्पॅनिश दर्यावर्दी हुआन पेरेझ येथे पोहोचला. १७८७ साली जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाने आपल्या जहाजावरून या बेटांना 'क्वीन शार्लट' हे नाव दिले. ते २०१० मध्ये अधिकृतरीत्या काढून टाकण्यात येऊन हैडा ग्वाय हे नाव पुनःस्थापित झाले. आरंभीचा व्यापार समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांचा होता. अतोनात शिकारीमुळे हा प्राणी दुर्मीळ झाला आणि व्यापार ओसरला. जहाजे मात्र येतच राहिली. खलाशांना विकता येईल अशा दुसऱ्या वस्तूची गरज निर्माण झाली. आर्जिलाइटची कोरीव शिल्पे या सुमारास, म्हणजे १८२० च्या आसपास, पुढे आली.

कॅरोल कॉफमन यांनी १९६९ मधील आपल्या प्रबंधात या कलेचे तीन कालखंड मांडले. त्यांच्या सीमारेषांविषयी नंतरच्या अभ्यासकांनी चर्चा केली असली तरी मूळ चौकट आजही उपयुक्त आहे.

पहिल्या कालखंडात (सु. १८२० ते १८३५) प्रामुख्याने चिलमी कोरल्या गेल्या. त्यांवर एकमेकांत गुंतलेले पशुपक्षी व माणसे दिसतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हैडा समाज तंबाखू पिकवीत असे, परंतु युरोपीय संपर्कापूर्वी तो ओढीत नसे. शिंपले भाजून केलेल्या चुन्याबरोबर तो तोंडात धरीत असे. धूम्रपानाची चिलीम हा आकार खलाशांबरोबर आला. म्हणजे आकार बाहेरचा आणि त्यावरील कथा घरची, ही जोडणी या कलेच्या पहिल्या पावलापासूनच आहे.

दुसऱ्या कालखंडात (सु. १८३० ते १८६५) शिल्पांत पाश्चात्त्य विषय आले. लांबट, पसरट चिलमींवर जहाजाची डोलकाठी, दोरखंड, कप्तान, खलाशी, घरे दिसू लागली. कंपासने आखलेली वर्तुळे व पानाफुलांची नक्षी असलेली तबके, तसेच बासऱ्या याच काळातील. चार्ल्स विल्क्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी शोधमोहिमेने (१८३८-१८४२) अशा वस्तू जमा केल्या आणि त्या पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. यांतील पुष्कळशा चिलमी ओढण्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. त्या पाहण्यासाठीच केलेल्या होत्या. परकीय माणूस हैडांना कसा दिसला, याचा हा दुर्मीळ दस्तऐवज आहे. वसाहतींच्या इतिहासात आपण नेहमी गोऱ्या प्रवाशांनी काढलेली स्थानिकांची चित्रे पाहतो. येथे दृष्टीची दिशा उलट झाली आहे.

तिसऱ्या कालखंडात (सु. १८६५ ते १९१०) कारागीर पुन्हा हैडा विषयांकडे वळले. छोटे स्तंभ, झाकणाच्या पेट्या, तबके व कथादृश्ये निर्माण झाली. हे वळण का आले, हा या कलेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

५. विध्वंसाच्या काळातील आश्रय

१८६२ साली व्हिक्टोरिया शहरात देवीची साथ पसरली आणि होड्यांबरोबर ती उत्तरेकडे गेली. १८४० च्या सुमारास हैडा लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सहाशेच्या आसपास उरली. गावेच्या गावे ओस पडली आणि उरलेले लोक स्किडगेट व मॅसेट या दोन गावांत एकत्र आले. १८७६ पासून ख्रिस्ती मिशनरी मॅसेटमध्ये वास्तव्यास आले. लाकडी स्तंभ उभारणे, सामूहिक घरांत राहणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरविण्यात आले. १८८४ साली कॅनडाच्या संसदेने पॉटलॅच या दानसमारंभावर बंदी घालणारी दुरुस्ती केली. ती १८८५ पासून अमलात आली व १९५१ पर्यंत टिकली. पॉटलॅच हा केवळ उत्सव नव्हता. घराण्याचे नाव, चिन्ह व कथा सांगण्याचा हक्क ज्या सभेत सर्वांसमक्ष सिद्ध होई, ती ही सभा होती. सभा गेली, तेव्हा स्तंभ उभारण्याचे प्रयोजनही गेले.

अशा स्थितीत स्तंभ कोरणारा हात कोठे जाणार? तो आर्जिलाइटकडे गेला. गावात स्तंभ उभारणे दुरापास्त झाले होते, परंतु हातभर उंचीचा काळा स्तंभ कोरून विकण्यास कोणाचीच हरकत नव्हती. मिशनऱ्यालाही त्यात प्रामाणिक उद्योग दिसे. कावळा, गरुड, अस्वल, देवमासा ही घराण्यांची चिन्हे अशा रीतीने खरेदीदाराच्या पेटीत बसून बेटाबाहेर गेली. गावातील लाकूड कुजले, तोडले किंवा नेले गेले. दगड संग्रहालयांच्या कपाटांत टिकला.

या काळातील सर्वश्रेष्ठ कारागीर चार्ल्स इडनशॉ (सु. १८३९-१९२०) हे होत. हैडा समाज मातृवंशीय असल्याने वारसा मामाकडून भाच्याकडे येतो. इडनशॉ हे नाव व प्रमुखपद त्यांना त्यांचे मामा अल्बर्ट एडवर्ड इडनशॉ यांच्याकडून मिळाले. लाकूड, चांदी, सोने व आर्जिलाइट या सर्व माध्यमांत त्यांनी काम केले. मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस व जॉन स्वांटन यांना त्यांनी कथा व चिन्हांचे अर्थ सांगितले. स्त्रियांना स्त्रीत्व कसे प्राप्त झाले, या कावळ्याच्या कथेवर त्यांनी कोरलेली तीन आर्जिलाइट तबके ज्ञात आहेत. त्यांत कावळा होडीतून निघाला आहे आणि सुकाणूवर अळंबीपासून घडविलेला माणूस बसला आहे. एकच कथा, एकच गोल आकार, परंतु तिन्ही ठिकाणी मांडणी वेगळी. नगावर पैसे मिळविणाऱ्या कारागिराला असे करण्याची आवश्यकता नव्हती. ही निवड कलावंताची आहे.

अस्वलाशी विवाह झालेल्या स्त्रीच्या कथेवरील शिल्पही येथे उल्लेखनीय आहे. जेम्स स्वान यांनी १८८३ साली वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी ते मिळविले. मानवी मातेला अस्वलाचे बाळ स्तनपान करीत आहे आणि ती वेदनेने मागे वाकली आहे. हैडा कलेच्या संकेतबद्ध शैलीत एवढी उघड व्यथा सहसा दिसत नाही.

६. 'पर्यटकांची वस्तू' या वर्गीकरणाची मर्यादा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक अभ्यासकांनी आर्जिलाइट शिल्पांना गौण मानले. त्यांचा युक्तिवाद असा : या वस्तू हैडांनी स्वतःच्या विधींसाठी वापरल्या नाहीत, त्या परकीयांसाठी केल्या, म्हणून त्या अस्सल नाहीत. मारियस बार्बो यांनी १९५३ व १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांमुळे या शिल्पांतील कथा व कारागिरांची नावे नोंदली गेली. पुढे १९७६ मध्ये नेल्सन ग्रॅबर्न यांनी संपादित केलेल्या पर्यटन-कलांवरील ग्रंथाने बाजारासाठी केलेल्या कलेकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी दिली. १९८४ मध्ये पीटर मॅकनेअर व अ‍ॅलन हूवर यांचा आर्जिलाइटच्या इतिहासावरील ग्रंथ आला.

या युक्तिवादातील दोष असा की, ग्राहक कोण आहे यावरून आशय कोणाचा आहे हे ठरविले जाते. आर्जिलाइटच्या बाबतीत ग्राहक परका होता, परंतु दगड, हत्यार, रेषेचे व्याकरण व कथा ही चारही हैडांची होती. बिल होम यांनी १९६५ साली वायव्य किनाऱ्यावरील कलेच्या आकारभाषेचे जे विश्लेषण केले त्यातील लंबगोल, इंग्रजी 'यू'सारखे आकार व त्यांना जोडणारी फुगत-निमुळती होत जाणारी प्रवाही रेषा ही सर्व अंगे या काळ्या शिल्पांत दिसतात. कोण विकत घेतो याची फिकीर न करता कारागिराने आपले व्याकरण सोडले नाही, ही बाब निर्णायक मानली पाहिजे.

याचा पुरावा पुढच्या पिढ्यांनी दिला. इडनशॉ यांचे नातलग चार्ल्स ग्लॅडस्टोन हे आर्जिलाइट व चांदीचे कारागीर होते. त्यांचे दौहित्र बिल रीड (१९२०-१९९८) यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैडा कलेला जागतिक मान्यता मिळवून दिली. वॉशिंग्टनमधील कॅनडाच्या दूतावासात १९९१ साली बसविलेल्या त्यांच्या भव्य ब्राँझ होडीला काळी झिलई दिलेली आहे. ती आर्जिलाइटची आठवण करून देते. इडनशॉ यांचे पणतू रॉबर्ट डेव्हिडसन यांनीही वडील व आजोबांच्या देखरेखीखाली लहान वयात आर्जिलाइट कोरण्यापासून आरंभ केला. १९६९ साली त्यांनी मॅसेट येथे लाकडी स्तंभ उभारला. सुमारे नव्वद वर्षांत त्या गावात उभा राहिलेला तो पहिला स्तंभ होता. लाकडाची विद्या दगडात जाऊन राहिली होती; ती तेथूनच लाकडात परत आली.

७. खाण कोणाची?

स्लेटचक येथील साठा १९४१ पासून स्किडगेटच्या हैडा समाजाच्या मालकीचा आहे आणि तेथील दगड काढण्याचा हक्क हैडांपुरता मर्यादित आहे. या एका व्यवस्थेचे परिणाम दूरगामी आहेत. दगड मर्यादित प्रमाणात, माणसाच्या पाठीवरूनच बाहेर येतो, त्यामुळे यंत्राने खाण उपसली गेली नाही. अस्सल शिल्प हैडा हाताचेच असण्याची शक्यता वाढली. बाजारात काळ्या रंगाच्या राळेत ओतलेल्या नकला मिळतात. त्या दगडाच्या नव्हेत आणि हैडांच्याही नव्हेत. खाणीवरील हक्क नकला रोखू शकत नाही, पण खऱ्याची व्याख्या स्पष्ट करतो.

हा प्रश्न जमिनीच्या व्यापक प्रश्नाशी जोडलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हैडा राष्ट्राशी करार करून संपूर्ण हैडा ग्वायवर हैडांचे मूळ स्वामित्व मान्य केले. एका डोंगरावरील दगडाबाबत आठ दशकांपूर्वी जे मर्यादित स्वरूपात मान्य झाले होते, त्याचे तत्त्व आता साऱ्या बेटांना लागू झाले, असे म्हणता येईल.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) हैडा आर्जिलाइटचा मऊपणा, कणांची सूक्ष्मता व काळा रंग हे मृत्तिका-खनिजे व कार्बनी द्रव्य यांच्या संयोगाचे फळ आहे. या गुणांमुळेच लाकडावरील कौशल्य दगडावर उतरू शकले.

२) या कलेचा जन्म व्यापारातून झाला. तथापि व्यापार हे तिचे निमित्त होते, आशय नव्हे.

३) साथ, धर्मप्रसार व बंदी यांच्या काळात गावात जे करता येत नव्हते ते विक्रीच्या वस्तूत करता आले. त्यामुळे बाजाराने येथे परंपरा नष्ट केली नाही, तर काही काळ सांभाळली.

४) कच्च्या मालावरील सामुदायिक हक्क हा कलेच्या संरक्षणाचा परिणामकारक मार्ग ठरू शकतो.

यातून असा अर्थ काढू नये की बाजार नेहमीच परंपरेचा रक्षक असतो. हैडांच्या बाबतीत दगड त्यांच्या ताब्यात राहिला आणि कथांचे स्वामित्व घराण्यांकडे राहिले, म्हणून हे घडले. यांपैकी एकही गोष्ट सुटली असती तर आज संग्रहालयांत शिल्पे असती, परंतु त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरले नसते. वर्गात 'शेल, आर्जिलाइट, स्लेट' ही साखळी लिहिताना मधल्या शब्दापाशी क्षणभर थांबून एवढे सांगितले, तरी विद्यार्थ्याला खडकाची कठिनता आणि माणसाची चिवट जिद्द या दोन्ही गोष्टी एकाच तासात कळतील.